बाळ चौदा महिन्यांचं झालं, कारसीट आता पुढे तोंड करून लावायची का?

साखळीकरीण (रविवार, दुपारी २:१०)

नमस्कार मंडळी. कारसीटवरचे जुने दोन धागे चाळले, पण दोन्ही 'कुठली घ्यावी' इथेच संपतात. माझी अडचण सीट घेऊन झाल्यानंतरची आहे.

लेक चौदा महिन्यांची. वजन ९ किलो ४०० ग्रॅम, परवाच अंगणवाडीतल्या काट्यावर केलं. आम्ही साखळीला, माझं माहेर म्हापशाजवळ, नवऱ्याचं ऑफिस पणजीत. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ती गाडीत असते. गाडी २०१३ची हॅचबॅक, आयसोफिक्स (सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नाही, गाडीच्या पट्ट्यानेच सीट बांधतो. सीट भावाने बारशाला दिलेली, कोरी. तिच्यावर लिहिलंय: मागे तोंड करून १३ किलोपर्यंत, पुढे तोंड करून ९ ते १८ किलो.

पहिला वाढदिवस झाला आणि नवऱ्याने सीट फिरवली. म्हणे, नऊ किलो झाले, खोक्यावर लिहिलेलंच आहे. म्हापशातल्या दुकानदारानेही 'एक वर्ष झालं की पुढे' असंच सांगितलं होतं. सासूबाई खूश, कारण आता नातीला रस्ता दिसतो. त्याआधी 'बिचारीला नुसती सीटची पाठ बघायला लावता, पाय बघ कसे दुमडलेत' हे रोजचं होतं.

मला मात्र चैन नाही. झोपली की तिची मान पुढे लटकते. शिवाय वळणावर अख्खी सीटच थोडी सरकल्यासारखी वाटते. आणि रडायला लागली की सासूबाई म्हणतात, 'दे माझ्या मांडीवर, दहा मिनिटांचा तर रस्ता.' मी देते. खोटं कशाला बोलू.

परत मागे फिरवावी का? सीट हलते ते नॉर्मल आहे का? आणि मांडीचं काय सांगू घरात, भांडण न होता?

नाइट_ड्यूटी (रविवार, दुपारी ३:०५)

फिरवा मागे. आजच.

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून फक्त मानेबद्दल सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा भाग. एवढं जड डोकं, आणि ते ज्या मानेवर आहे तिचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नाहीत. मधे कूर्चा असते, ती हळूहळू काही वर्षांत हाड बनते. गाडी समोरून आदळली की अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे जातं. सगळा ताण मानेवर. पाठ पुढे करून बसलेलं बाळ त्याच धक्क्यात सीटच्या पाठीत रुततं. डोकं, मान, पाठ एकत्र, आणि मार अख्ख्या पाठीवर वाटला जातो.

पाय दुमडले तर दुमडू देत. घरी जमिनीवर ती कशी बसते ते बघा एकदा, तशीच मांडी घालून सुखात बसेल.

खुबे (रविवार, दुपारी ४:३०)

नाइट_ड्यूटी ताईंना +१. आता खोक्यावरच्या आकड्यांचं.

९ ते १३ किलो हा दोन्हीकडे येणारा पट्टा आहे. नऊ म्हणजे 'याच्या आत पुढे अजिबात नाही', 'नऊ झाले की फिरवा' नव्हे. हा जुन्या युरोपियन नियमाचा, म्हणजे आर-४४चा हिशेब. त्यानंतर २०१३ मध्ये आर-१२९ आला. त्यात पंधरा महिने पुरे होईपर्यंत मागेच तोंड, आणि सीट वजनाऐवजी उंचीवर निवडायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०१८ मध्ये वयाची अटच काढली: सीटची मर्यादा भरेपर्यंत मागेच. स्वीडनमध्ये चार वर्षांची पोरं मागे तोंड करून बसतात. तिथे बर्टिल अल्डमन नावाच्या प्राध्यापकाने १९६४ मध्ये पहिली अशी सीट बनवली, ती अंतराळवीर पाठीवर रेलून उडतात ते बघून.

तुमच्या लेकीला १३ किलोला अजून साडेतीन किलो आहेत. ह्या वयात वाढ मंदावते, तेव्हा बरेच महिने निघतील. वजनाआधी उंची भरू शकते. तिच्या डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून दोन बोटं तरी खाली हवा. तेवढं अंतर उरलं नाही की मग पुढे.

आता सीट हलते ते. नॉर्मल नाही. पट्टा सीटमधून जिथून जातो त्या जागी धरून हलवा. तिथे एका इंचापेक्षा जास्त सरकायला नको. (वरचं टोक धरून हलवलं तर कुठलीही सीट हलते, त्यावर जाऊ नका.) बांधताना एक गुडघा सीटमध्ये रोवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि पट्टा वरून खेचायचा. घाम येतो. नाही आला तर नीट बसली नाही.

आणि एक बघा: पट्टा ओवायच्या खाचा दोन रंगांच्या असतील. निळ्या मागे तोंड करण्यासाठी, लाल पुढे तोंड करण्यासाठी. तुमच्या कुठल्यातून गेलाय?

निवृत्त_ओव्हरसियर (रविवार, संध्याकाळी ६:१५)

आमची तीन मुलं फियाटच्या मागच्या सीटवर उभी राहून मोठी झाली. मडगावहून पणजीला जाताना धाकटा आईच्या मांडीवर झोपायचा. तिघंही धडधाकट आहेत, एक दुबईत इंजिनियर आहे. आता मूल जन्मायच्या आधी सात-आठ हजारांची खुर्ची. आईची मांडी कमी पडायला लागली का हो?

गाबीत_पोर (रविवार, संध्याकाळी ६:४०)

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खुबे (रविवार, संध्याकाळी ७:००)

काका, रागावू नका, पण तेव्हा तो रस्ता दोन पदरी होता आणि फियाट झुआरीच्या जुन्या पुलावर चाळिशीच्या वर जात नसे. आज नव्या पुलावर लोक ऐंशीने मोबाइल बघत असतात. तुम्ही बांधकाम खात्यातले दिसता. एक गणित तुम्हीच करा, मी आकडा सांगत नाही. गाडी ५० किमी वेगाने, बाळ ९ किलो ४००, धडकेत थांबायला ०.०७ सेकंद. आईच्या हातावर किती वजन येईल?

घाटमाथा (रविवार, रात्री ९:२०)

चांगला धागा, वाचनखूण साठवली आहे.

आम्ही बेळगावचे, दर महिन्याला चोर्ला घाटातून डिचोलीला येतो, सासुरवाडी. मुलगा सात महिन्यांचा. बायको माहेरी असली की मी एकटाच त्याला घेऊन येतो, म्हणून सीट पुढे माझ्या शेजारी लावतो, तोंड मागे करूनच. म्हणजे मला तो दिसतो आणि त्याला मी. बरोबर ना हे?

नाइट_ड्यूटी (रविवार, रात्री ९:२८)

नाही!! पुढे एअरबॅग आहे का तुमच्या गाडीत?

घाटमाथा (रविवार, रात्री ९:३१)

हो, २०२२ची गाडी आहे, दोन्हीकडे आहेत.

खुबे (रविवार, रात्री ९:५०)

मग उद्या सकाळीच सीट मागे न्या. एअरबॅग डॅशबोर्डमधून पापणी लवायच्या आत उघडते, आणि मागे तोंड केलेल्या सीटची पाठ बरोबर तिच्या तोंडासमोर असते. पाठीमागेच बाळाचं डोकं. साध्या टक्करीत, जिथे तुम्हाला खरचटणारही नाही, तिथे ह्याने जीव जातो. तुमच्या गाडीचं सनशेड खाली करून बघा, बाळाच्या सीटवर काट मारलेलं चित्र असेल. ते ह्यासाठीच.

काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करायला चावीचा खटका असतो. तो असेल, आणि दुसरा काही इलाजच नसेल, तरच पुढे. एरवी मागे डाव्या बाजूला लावा. आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे असते, काढता-घालताना वाहतुकीत उभं राहावं लागत नाही. दिसत नाही म्हणून बेचैन वाटतं खरं, पण घाटात बघायचंय रस्त्याकडे. रडायला लागला तर गाडी बाजूला घ्यायची.

घाटमाथा (रविवार, रात्री १०:०५)

बघितलं खाली जाऊन. आहे चित्र. दोन वर्षं ते सनशेड मी रोज खाली ओढतोय.

मनापासून आभार.

साखळीकरीण (सोमवार, सकाळी ११:१५)

खुबे, तुम्ही ज्योतिषी आहात का?

काल रात्री टॉर्च घेऊन बघितलं. नवऱ्याने सीट पुढे फिरवताना पट्ट्याचा मांडीवरचा भाग लाल खाचेतून घातलाय आणि खांद्यावरचा तसाच निळ्यात राहिलाय. म्हणजे अर्धी सीट बांधलेली, अर्धी नुसती ठेवलेली. दोन महिने आम्ही अशीच फिरवली तिला. मी गप्प बसले. तोही गप्प बसला. मग पुस्तिका शोधून काढली (पॉलिथीनमध्ये तशीच, न उघडलेली!) आणि दोघांनी मिळून मागे फिरवली. गुडघा रोवला. घाम आला.

पण मागे फिरवताना पट्टा पुरेना. जेमतेम खटक्यापर्यंत येतो, इंचभर कमी पडतो. मधल्या जागेवर करून बघितलं, तिथे नुसता कमरेचाच पट्टा आहे.

खुबे (सोमवार, दुपारी १:१०)

लहान गाड्यांत हा त्रास नेहमीचा. आधी दुसऱ्या बाजूला करून बघा, कधी कधी खटक्याची दांडी तिथे लांब असते. पट्टा सीटवर कुठे पीळ पडून अडकलाय का बघा. सीट जास्त आडवी झाली असेल तर थोडी उभी करा. तान्ह्या बाळाला साधारण ४५ अंश लागतात, म्हणजे मान छातीवर पडून श्वास कोंडत नाही. चौदा महिन्यांच्या, मान धरणाऱ्या मुलीला त्यापेक्षा उभी चालते. पुस्तिकेत किती दिलंय ते पाहून करा. उभी झाली की पट्ट्याला एक-दोन इंच मिळतात.

कमरेच्या पट्ट्यावर बांधायची परवानगी तुमच्या पुस्तिकेत स्पष्ट दिलेली नसेल तर तिथे लावू नका. आणि बाजारात पट्टा लांब करायचे तुकडे मिळतात, ते तर बिलकुल नको. सगळं करून नाहीच पुरला, तर ती सीट चांगली असून तुमच्या गाडीची नाही, एवढाच अर्थ. म्हणूनच मी म्हणतो, सीट घ्यायला जाताना गाडी आणि पोर दोन्ही घेऊन जा, आणि दुकानाच्या दारात बांधून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जो दुकानदार बांधून बघू देत नाही तिथून निघा.

स्विंडनची_मावशी (सोमवार, दुपारी ४:५५)

इकडे इंग्लंडात, स्विंडनला आमच्या गल्लीत निम्मे गोंयकार, आणि दर डिसेंबरला कुणी ना कुणी विचारतं, 'माळ्यावर जुनी कारसीट पडलीय, गावी भाचीला नेऊ का?' म्हणून मी लिहिते.

न्या, पण तीन गोष्टी बघून. एक, ती सीट कधी अपघातातल्या गाडीत होती का हे तुम्हाला स्वतःला माहीत हवं. बाहेरून धड दिसते, आत प्लॅस्टिकला चीर असते. ओळखीच्या माणसाची असेल तरच घ्या. दोन, तारीख. प्लॅस्टिकच्या बुडाला छापलेली असते, बहुतेक सीटचं आयुष्य सहा ते दहा वर्षं. तीन, नारिंगी स्टिकर. गोलात ई हे अक्षर आणि खाली आर-४४/०४ किंवा आर-१२९. भारतातल्या सीटवर एआयएस-०७२ असं मानक असतं. स्टिकर नाही ती सीट नाही, ती खुर्ची. ऑनलाइन त्या कापडी झुली मिळतात ना, चार पट्टे शिवलेल्या, पाचशे रुपयांच्या, त्यांना तर खुर्चीही म्हणवत नाही.

इथे कायदा बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल ते. इस्पितळातून बाळ घरी नेताना सीट नसेल तर सगळे तुमच्याकडे अशा नजरेने बघतात की विचारू नका.

निवृत्त_ओव्हरसियर (सोमवार, रात्री ८:४०)

गणित केलं.

५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. ०.०७ सेकंदात शून्य. मंदन जवळजवळ २०० येतं, म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट. ९.४ किलोचं बाळ त्या क्षणी १९० किलोचं. दोनदा करून बघितलं.

सिमेंटची गोण ५० किलोची असते. चार गोण्यांना दहा किलो कमी. मी साइटवर पस्तीस वर्षं काढली, एक गोण उचलायलाही दोन मजूर लागायचे. आणि ही वरून पडणारी, पकडायची.

मांडीचं विधान मागे घेतो. साखळीकरीणबाई, सासूबाईंना हे गोण्यांचं सांगा. आमच्या पिढीला गोणी कळते.

गाबीत_पोर (सोमवार, रात्री ९:०२)

काका, दंडवत! कालचा माझा प्रतिसाद काढला ते बरं झालं. 🙏

आमच्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. मुलगा अडीच वर्षांचा, पुढे पायाशी उभा राहतो, हँडल धरून. अर्ध्या मालवणात आणि पेडण्यात हेच चित्र. याला काय उपाय?

खुबे (सोमवार, रात्री ९:४५)

खरं सांगायचं तर स्कूटरवर कारसीटइतकं सुरक्षित काहीच होत नाही. पण नियम आहे. फेब्रुवारी २०२२ची अधिसूचना, एक वर्षाने लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला मागे बसवून चालकाच्या अंगाला जोडणारा हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ४० किमीच्या आत. पुढे उभं करणं सगळ्यात वाईट. ब्रेक लागला की पहिलं तोंड हँडलवर, आणि मग तुमची छाती त्याच्या पाठीवर.

चारचाकीचा कायदाही ह्यातच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, कलम १९४-ब, २०१९च्या दुरुस्तीनंतरचं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर चालकाला हजार रुपये दंड. मला अजून कुणी अडवलेलं नाही, पण म्हणून नियम नाही असं नाही.

माटोळी (मंगळवार, सकाळी १०:३०)

सगळं पटतं हो, पण चवथीला काय करता ते सांगा. आमच्या मूळ घरी काणकोणला जायचं. गाडी एक. आम्ही दोघं, सासू-सासरे, दीर, दोन पोरं, मागे माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान, नारळ, आणि फुटायला नको म्हणून हातात धरलेला घुमट, म्हणजे आमचं मातीचं वाद्य. करमळ घाटात पोरं कुणाच्या मांडीवर आणि घुमट कुणाच्या मांडीवर हे गोंधळून जातं.

नाइट_ड्यूटी (मंगळवार, दुपारी २:२०)

घुमट सीटला बांधा आणि पोरं मांडीवर घ्या, असं कुणी करत नाही ना? तरी करतोच आपण! 😀

दोन फेऱ्या मारा किंवा दीर बसने येऊ देत. पट्टे जेवढे तेवढीच माणसं. आणि ते नारळ डिकीत, मागच्या काचेखालच्या फळीवर नको. अचानक ब्रेक लागला की तो नारळ कुणाच्या डोक्यावर येतो ते सांगायला नको.

तिसऱ्या (मंगळवार, दुपारी ४:००)

इथे गोव्याचं कुणी लिहिलंच नाही, म्हणजे ऊन, वाळू आणि बुरशी.

ऊन: मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अर्धा तास गाडी उन्हात, आणि हार्नेसचा धातूचा खटका मुलाच्या उघड्या मांडीला लागला. लालभडक डाग. तेव्हापासून गाडीतून उतरलो की सीटवर पांढरा पंचा टाकते, आणि बसवायच्या आधी खटका हाताच्या मागच्या बाजूने तपासते. मूल गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत पाव घेऊन येते' हे तर नकोच. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

वाळू: केरीच्या किनाऱ्यावरून आलो, आणि आठवड्याने पायांमधला खटका 'टक' असा आवाज करेना. पट्टा आत जायचा, पण ओढला की सुटायचा. आत वाळू. नवरा तेलाचा डबा घेऊन आला, मी ओरडले. तेल घातलं की वाळू आणखी चिकटते. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे खटका कोमट पाण्यात हलवून धुतला, वाळवला, आवाज परत आला. 'टक' ऐकल्याशिवाय मी गाडी सुरू करू देत नाही.

बुरशी: जुलैत एकदा कव्हर काढून बघा. नको, बघू नका. कव्हर मशीनमध्ये धुवा, पण हार्नेसचे पट्टे कधीही मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये नाही. धागे कमजोर होतात, दिसत नाही. ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसायचे. पावसात कव्हर वाळायला तीन दिवस लागतात, तेव्हा सलग उघाडीचा अंदाज बघूनच धुवा. आणि रेनकोट घालून बांधू नका. पट्टा रेनकोटवर घट्ट वाटतो, मुलावर सैल असतो. लग्नात घालतात त्या तयार नऊवारीचंही तेच, निऱ्यांचा गठ्ठा पट्ट्याखाली येतो.

खुबे (मंगळवार, संध्याकाळी ५:१५)

तिसऱ्या ताई, वा.

घट्ट किती, हे सांगायचं राहिलंच. पट्टा ओढून झाल्यावर मुलाच्या खांद्याच्या हाडाजवळ तो दोन बोटांत उभा चिमटून बघा. चिमटीत दुमड आली तर सैल. बोटं घसरली तर बरोबर. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर पातळीला किंवा जरा वरून. मूल वाढलं की खाचा बदलायच्या. हेच सगळ्यात जास्त राहून जातं, सहा महिने कुणी बघतच नाही.

दोन_पोरांची_आई (बुधवार, सकाळी ९:५०)

मोठ्या मुलांचं कुणीच बोलत नाही! माझा मुलगा सहाचा, मुलगी नऊची. मुलगा २० किलोचा झाला, हार्नेसच्या सीटची मर्यादा १८. आता सरळ गाडीच्या पट्ट्यावर आणू? मुलगी तर आधीच पट्ट्यावर आहे, पण पट्टा मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेते. मी ओरडते, ती परत तेच करते.

खुबे (बुधवार, दुपारी १२:४०)

दोघंही बूस्टरची (गाडीच्या सीटवर ठेवून मूल उंच बसवायची बैठक) पोरं आहेत.

गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. लहान मुलाच्या कमरेचं हाड अजून पुरतं पुढे आलेलं नसतं, त्यामुळे खालचा पट्टा हाडावर न राहता पोटावर चढतो. धडकेत तो आतड्यात रुततो. काखेखालून घेतला तर वरचं अंग धरायला काहीच उरत नाही, सगळा झटका त्या पोटावरच्या पट्ट्यावर. तिला बूस्टर दिलात तर तिची तक्रारच संपते, कारण पट्टा मानेवरून खांद्यावर येतो. मुलाला पाठ असलेला बूस्टर घ्या, झोपला तरी डोकं जागेवर राहतं. बूस्टर फक्त तीन टोकांच्या पट्ट्यावर, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर कधीच नाही.

कधी सोडायचा? वयावर जाऊ नका. पाठ सीटला पूर्ण टेकवून बसवा. गुडघे सीटच्या कडेला सहज मुडपतात का? खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, हाडावर येतो का? वरचा खांद्याच्या मध्यावर? आणि पणजी ते मडगाव असं न घसरता बसवतं का? सगळ्याला हो आलं तरच सोडा. उंची साधारण १४५ सेंटिमीटर लागते, म्हणजे बहुतेक पोरांना दहा-बारा वर्षं. तेरापर्यंत बसायचं मागेच.

दोन_पोरांची_आई (बुधवार, दुपारी १:०५)

मुलगी १३१ आहे. आता हिला सांगायचं कसं? ट्यूशनला चार जणी एका गाडीत जातात, बूस्टर बघितला तर हसतील तिला.

निवृत्त_ओव्हरसियर (बुधवार, दुपारी ३:३०)

पाठ नसलेला सपाट बूस्टर घ्या, तिच्या वजन-उंचीला चालतो का ते स्टिकरवर बघून. बसली की दिसतच नाही. माझी नात बाराची आहे, पण मापाने १४१. कालच टेप लावून बघितली. बिचारीचा बूस्टर गेल्या वर्षीच काढला होता, परत आणला. मुलाला फोन करून कळवलंय, तो हसला. हसू दे.

साखळीकरीण (रविवार, रात्री ८:५०)

आठवड्याचा हिशेब द्यायला आले.

सीट उजव्या बाजूला बसली! तिथे खटक्याची दांडी खरंच लांब आहे, आणि थोडी उभी केल्यावर पट्टा पुरला. डावी बाजू मिळाली नाही, पण आम्ही अंगणात आत गाडी लावून मगच तिला काढतो. बाहेर कुठे गेलो तर नवरा आधी उतरून रस्त्याच्या बाजूला उभा राहतो. पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागली. नवरा सहा फुटी, गुडघे स्टिअरिंगला लागतात. कुरकुरतोय, पण लाल खाचेनंतर त्याचा आवाज जरा कमी आहे.

लेक पहिले दोन दिवस रडली. मग कळलं की तिला रस्ता नको होता, मागच्या काचेतून झाडं पळताना बघायची होती. पाय सीटच्या पाठीवर टेकवून 'ढॅण् ढॅण्' करते.

सासूबाईंना सिमेंटचं सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी स्वतः मागे तिच्या शेजारी बसल्या, आणि मला म्हणाल्या, 'तो चिमटा कसा काढायचा तो दाखव.' दाखवला. आज शिरगावला निघालो, नवऱ्याने तिला बांधलं, मी गेट बंद करायला गेले. परत आले तर गाडी बंद आणि नवरा बाहेर उभा.

सासूबाईंनी चिमटून बघितलं होतं. 'सैल आसा रे,' म्हणाल्या. त्याने परत ओढला, मग निघालो.

तिसऱ्या (रविवार, रात्री ९:१०)

सासूबाईंचा स्वतःचा पट्टा लावलेला होता का?

साखळीकरीण (रविवार, रात्री ९:१४)

डिचोलीपर्यंत नव्हता. 🙈